गोल्फ स्विंग दुरुस्ती: टेनिस बॉल क्रिकेटवाल्याच्या कंबरेच्या नोंदी

८ जून

आधी गाडी कुठे अडलीये ते लिहितो. उजव्या हाताने खेळतो, वय पंचेचाळीसच्या पुढे, नोकरी खुर्चीतली, राहायला पुण्यात. गोल्फ उशिरा सुरू केला, त्याआधीचं सगळं आयुष्य टेनिस बॉल क्रिकेटमध्ये गेलं, शेवटच्या दोन ओव्हर राहिल्या की पॅड न बांधताच पाठवायचे तो मी. त्यामुळे हात जोरात फिरतात, नजरही बरी आहे, आणि नेमकं तेच नडतंय असा संशय यायला लागलाय. ७ आयर्नचे (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे गोल्फची बॅटच म्हणा) निम्मे बॉल हीलकडे, म्हणजे क्लबच्या दांड्याकडच्या बाजूला लागतात, मधूनच एखादा शँक बसतो, म्हणजे होझलला (दांडा क्लबच्या डोक्याला जोडतो तो भाग) लागून बॉल काटकोनात उजवीकडे, सरावाच्या रेंजवरच्या शेजारच्या खणासमोरून, आणि सगळे माना वळवून बघतात. ड्रायव्हर (सर्वात लांब मारायचा क्लब) घेतला की बॉल डावीकडे निघतो आणि मोठं वळण घेऊन उजव्या जाळीत.

अंतर वाढवायचं नाहीये, बॉल क्लबच्या मधोमध लागला पाहिजे एवढंच काम. गोल्फचा बॉल टेनिस बॉलपेक्षा हलका असतो, नियमाने जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, त्याला एवढी ताकद लावून करायचंय काय. हे डोक्याला कळतं, हाताला कोण सांगणार.

सामान: सेकंड हँड आयर्न सेट, मित्राने वापरून झालेला ड्रायव्हर, फोन, ट्रायपॉड. नर्सरीतून झाडांना आधार द्यायच्या फायबरच्या दोन काठ्या आणल्या. गोल्फच्या नावाने ऑनलाइन याच काठ्या कितीतरी पट किमतीला मिळतात, घेऊ नका.

१५ जून

सकाळ वाया. फोन बॅगला टेकवून जमिनीवरून शूट केलं, घरी येऊन स्लो मोशनमध्ये बघितलं तर क्लब इतका बाहेरून (अंगापासून लांबून) बॉलवर येताना दिसला की पोटात गोळाच आला. दुपारभर त्यावरचे उपाय बघत बसलो. संध्याकाळी परत जाऊन शूट केलं, या वेळी फोन जरा बाजूला होता, तर स्विंग एकदम देखणा. स्विंग तोच होता हो, कॅमेरा सरकला होता.

म्हणून आधी कॅमेरा. मागून शूट करताना एक काठी हातांच्या बरोबर खाली, टार्गेटच्या दिशेला समांतर टाकायची आणि ट्रायपॉड त्याच काठीच्या रेषेत मागे लावायचा, लेन्स हातांच्या उंचीला. समोरून करताना छातीसमोर, छातीच्या उंचीला. दर वेळी तेच अंतर, नाहीतर कालच्या आणि आजच्या व्हिडिओची तुलना करण्यात अर्थ नाही. पावसाळी अंधारात स्लो मोशनमध्ये क्लबहेड नुसतं फरकटलेलं दिसतं, उजेड असेल तेव्हाच करा. आणि शाफ्ट (क्लबचा दांडा) वाकलेली दिसली तर घाबरू नका, फोनचा सेन्सर ओळीओळीने चित्र उचलतो म्हणून तशी दिसते.

१८ जून

व्हाइटबोर्ड मार्करने बॉलवर एक ठिपका काढायचा, तो क्लबच्या समोर येईल असा बॉल ठेवायचा आणि मारायचा. शाई क्लबवर उमटते, कुठे लागला ते कळतं, नंतर ओल्या फडक्याने पुसलं जातं. एका मार्करमध्ये सगळा सीझन निघेल.

ठिपके सगळे हीलला. मी सरळ हिशोब केला की आपण बॉलच्या फार जवळ उभे राहतोय, म्हणून एक वीत मागे सरकलो. हील अजून वाढली, शँक तर लागोपाठ. डोकं चालेना. लांब उभं राहिल्यावर बॉल टोकडे, म्हणजे हीलच्या उलट बाहेरच्या टोकाला लागायला पाहिजे ना?

२२ जून

उत्तर मिळालं. मागून काढलेल्या व्हिडिओत बॉलसमोर उभं असतानाच्या फ्रेमवर बुडाला चिकटून एक उभी रेष मारली (फोनच्या फोटो एडिटरमध्ये होतं, वेगळं ॲप नको) आणि पुढच्या फ्रेम बघितल्या. क्लब वर जाईपर्यंत बूड रेषेला टेकलेलं. खाली यायला लागल्याबरोबर रेष सुटली आणि बॉल लागतो त्या क्षणी कंबर चांगली चार बोटं बॉलकडे सरकलेली, गुडघे सरळ, छाती वर. म्हणजे मी मारता मारता उभा राहतोय. कंबर पुढे आली की हातांना जायला जागाच उरत नाही, ते बाहेर ढकलले जातात आणि त्यांच्याबरोबर होझल बॉलपर्यंत पोचतं. मागे सरकून उभा राहिलो तेव्हा बॉल गाठायला चवड्यांवर आलो, तोल अजून पुढे गेला, म्हणून जास्त शँक.

याला अर्ली एक्स्टेन्शन म्हणतात. माझ्यात हे कुठून आलं ते बघायला जुन्या मॅचचा एक व्हिडिओ पुरला: पुढचा पाय लेगला काढायचा, तो कडक करायचा, अंग वर उचलायचं आणि आडवा पट्टा मिडविकेटवरून. टेनिस बॉल छातीपर्यंत उसळतो, तिथे उठूनच मारावं लागतं. इथे बॉल गवतात पडलाय.

२९ जून

सेटअप, म्हणजे मारण्याआधी बॉलसमोर उभं कसं राहायचं ते. एका सेशनसाठी सर लावले, दीड हजार रुपये, सगळ्या खर्चात हे सर्वात वसूल झाले. पहिली पंधरा मिनिटं त्यांनी बॉल मारूच दिला नाही.

मी वाकत होतो ते पाठीतून, खांदे गोल करून, ऑफिसात लॅपटॉपवर बसतो तसाच पोक काढून. त्यांनी काठी पाठीवर उभी धरायला लावली, डोक्याची मागची बाजू, पाठ आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे, आणि मग तिन्ही न सोडता खुब्यातून वाकायचं. दोन्ही हातात पिशव्या असताना गाडीचं दार बुडाने मागच्या मागे ढकलतो तसं बूड मागे जातं. गुडघे नंतर, आणि थोडेच. मी आधी गुडघे वाकवून खुर्चीत बसल्यासारखा व्हायचो, त्यात धड उभंच राहतं आणि मग खाली पोचायला हात लांब करावे लागतात.

वजन बुटाच्या लेसखाली. टाचा उचलता येतील इतकं पुढे नको, चवडे उचलता येतील इतकं मागे नको. हात खांद्यातून सरळ खाली सोडायचे, ते जिथे लोंबतील तिथे ग्रिप (क्लबची मूठ) धरायची, आणि बॉलपासूनचं अंतर त्यावरून आपोआप ठरतं. मी उलटं करायचो, आधी बॉलपासून अंतर ठरवायचो आणि मग अंग त्यात बसवायचो.

मांड्यांच्या मागच्या शिरा दुसऱ्या दिवशी धरल्या. सर म्हणाले धरल्या म्हणजे बरोबर उभे राहिलात.

६ जुलै

पाऊस, रेंज बंद. घरी भिंतीचा ड्रिल, म्हणजे सराव. भिंतीकडे पाठ करून, बूड भिंतीला जेमतेम टेकेल असं उभं राहायचं, हात छातीवर बांधायचे, क्लब नको. मागे वळताना उजवं बूड भिंतीला दाबलं जातं, खाली येताना उजव्याची जागा डाव्याने घ्यायची. भिंत सुटली की चुकलं. सोपं वाटतं पण मला डावं बूड भिंतीला लागेपर्यंत उजवी टाच, गुडघा, सगळं समोर पळायचं.

क्लब घेऊन करायला गेलो तर ट्यूबलाइटचा कोपरा उडाला. बायकोने नंतर घरात क्लब आणायचा नाही असं सांगितलं, ते योग्यच होतं. लाटणं घेऊन केलं, तेवढं पुरतं.

हा ड्रिल हळू करायचा, फार हळू. जोरात केला की जुनं अंग परत येतं आणि आपल्याला वाटतं जमतंय.

१३ जुलै

हळू जमतं, वेग वाढवला की बूड सुटतंच. आठवडाभर तेच. शेवटी वाटलं की अंगच तेवढं वळत नसेल तर नुसता जोर लावून काय होणार, म्हणून फिजिओकडे गेलो. आठशे रुपये.

त्यांनी उकिडवं बसायला सांगितलं. टाचा उचलल्या गेल्या, मागे पडायला लागलो. आजी तासभर उकिडवी बसून भाजी निवडायची आणि माझी ही गत. घोटे कडक, त्यात डाव्या घोट्याची क्रिकेटमधली जुनी मुरगळ. मग खुर्चीवर बसवून, गुडघा जागेवर ठेवून पाऊल बाहेर न्यायला लावलं, त्यावरून खुबा आतल्या बाजूला किती वळतो ते कळतं. उजवा ठीक, डावा जवळजवळ बंद. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं सगळं अंग खाली येताना डाव्या खुब्यावर वळतं. तो वळला नाही तर अंगाला दोनच वाटा, वर उठायचं किंवा टार्गेटकडे घसरायचं. मी वर उठतो.

व्यायाम दिले: भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावणं, जमिनीवर दोन्ही गुडघे काटकोनात ठेवून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळणं, कुशीवर झोपून वरचा हात उघडून छाती छताकडे फिरवणं, आणि ब्रिज (उताणं झोपून कंबर वर उचलणं). रोज. कंटाळवाणे आहेत, टीव्ही लावून करतो.

पण खरी तात्काळ गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली: डावं पाऊल टार्गेटकडे थोडं उघडून ठेवा. घड्याळात बाराऐवजी अकराला. सरांनीही हे सांगितलं होतं, मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी रेंजवर पाऊल उघडून मारले आणि ठिपके हीलवरून मधल्या बाजूला सरकले, एवढ्या जुलैत पहिल्यांदा बरं वाटलं. खुबा तोच आहे, पाऊल उघडल्याने त्याला आधीच थोडी वाट मिळते.

२७ जुलै

हा पंधरवडा वाया, आणि कोणाच्या सांगण्यावरून नाही. ड्रायव्हरचा स्लाइस (बॉलचं ते उजवीकडचं मोठं वळण) जाईना म्हणून मोबाइलवर बघून क्लब वरून खाली सोडताना हात उजव्या खिशाकडे टाकायचा प्रकार सुरू केला. व्हिडिओत शाफ्ट छान आडवी दिसायला लागली, दाखवण्यासारखी. बॉल मात्र एक हुक (डावीकडे वळणारा), एक फॅट (क्लब आधी जमिनीत), एक उजवीकडे सरळ. हात खाली टाकले आणि कंबर होती तिथेच थांबली, मग क्लब मागेच अडकणार ना.

अमेरिकन गोल्फर जिम फ्युरिकचा स्विंग बघा. क्लब वर नेताना तो इतका उभा आणि बाहेर नेतो की कुठलाही शिकवणारा रागवेल, आणि त्याच माणसाने २०१६ मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धामालिका) ५८ फटक्यांत राउंड संपवला, टूरवरचा सर्वात कमी. बॉल लागतो त्या फ्रेमला त्याची कंबर उघडलेली, बूड मागे, हात पुढे. वरचा आकार ज्याचा त्याचा, खालची फ्रेम बघायची. मी वरचा आकार दुरुस्त करत बसलो होतो.

ते सोडून एकच ड्रिल ठेवला: बॉलच्या पलीकडे, जरासा मागे, रिकामी पाण्याची बाटली उभी करायची आणि ती न पाडता बॉल मारायचा. क्लब बाहेरून आला की बाटली उडते. सुरुवातीला बाटल्याच जास्त लांब गेल्या.

१० ऑगस्ट

रेंजवरची मॅट खोटं बोलते हे सगळ्यात उशिरा कळलं. बॉलच्या मागे दोन इंच क्लब आपटला तरी मॅटवरून तो सरकत बॉलपर्यंत जातो, आवाजही बरा येतो, बॉलही जातो. तोच शॉट गवतावर पावसात केला तर क्लब चिखलात रुततो आणि बॉल पाच हात पुढे. महिनाभर मी मॅटवर खुश होतो.

म्हणून गवतावर रांगोळी. चिमटीने टार्गेटच्या रेषेला काटकोनात सरळ ओळ ओढायची, ती पायांच्या मधोमध येईल असं उभं राहायचं आणि बॉल न ठेवता स्विंग करायचा. आयर्नने गवत ओळीवरून पुढे निघालं पाहिजे. टूरवरचे खेळाडू ७ आयर्न साधारण ४ डिग्री खाली येताना मारतात, म्हणजे क्लबचा सर्वात खालचा बिंदू बॉलच्या पुढे असतो. माझे खड्डे ओळीच्या मागे, एखाददुसरा ओळीवर. माळीकाका आधी ओरडले की ग्राउंडवर काय मांडलंय, मग कोपऱ्यातली एक पट्टी दिली, जिथे नाहीतरी गवत नवीन लावायचं होतं. विचारूनच करा, आणि खड्ड्यात वाळू टाकून या.

खड्डे मागे का, तर वजन उजव्या पायावर राहतंय. समोरून व्हिडिओ काढला, मागे जाताना मी वळत नव्हतो, कंबर उजवीकडे घसरत होती, उजवा गुडघा पावलाच्या बाहेर. तिथून परत यायला वेळच मिळत नाही.

स्टेप ड्रिलने हे सुटलं, आणि इथे पहिल्यांदा क्रिकेट उपयोगी पडलं. पाय जुळवून उभं राहायचं, क्लब मागे न्यायचा, तो वर पोचायच्या आत डावा पाय टार्गेटकडे टाकायचा आणि मारायचा. फ्रंट फूटवर ड्राइव्ह मारलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पाय आधी, हात मागून. गडबड एकच, ड्राइव्हला डोकंही बॉलवर जातं, इथे डोकं पुढे नेलं की बॉलचा टॉप, म्हणजे क्लब बॉलच्या नुसत्या वरच्या भागाला लागतो. व्हिडिओत डोक्याच्या डाव्या बाजूला एक रेष मारून ठेवली, तिच्या पलीकडे जायचं नाही. कपिल देव एवढा गोल्फमध्ये रमला, त्याच्या खांद्यांना हे किती दिवसांत कळलं असेल कोणास ठाऊक.

८ सप्टेंबर

गणपतीत काही नाही. सोसायटीच्या मॅचला मात्र उभा राहिलो आणि दोन सिक्स मारले. आज रेंजवर पहिला बॉल शँक. परत भिंत, परत लाटणं.

२१ सप्टेंबर

ड्रायव्हर वेगळा धरावा लागतो हे मान्य केलं. आयर्नमध्ये बसलेलं अंग तसंच घेऊन ड्रायव्हर मारत होतो, बॉल स्टान्सच्या (दोन पावलांमधल्या जागेच्या) मध्याकडे, खांदे सपाट, त्यामुळे क्लब बॉलवर वरून यायचा. आता बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, टी (बॉल ठेवायची खुंटी) इतकी उंच की अर्धा बॉल क्लबच्या वर दिसेल, स्टान्स खांद्यांपेक्षा रुंद, आणि उजवा खांदा डाव्याच्या खाली. शेवटचं करायला उजवा हात ग्रिपवरून काढून उजव्या गुडघ्याच्या बाजूला लावायचा, पाठीचा कणा आपोआप टार्गेटपासून लांब कलतो, मग हात परत ग्रिपवर.

वळणाचं गणित थोडक्यात: बॉल निघतो मुख्यतः फेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) जिकडे बघतोय तिकडे, आणि वळतो तो फेस आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकामुळे. माझा डावीकडे निघून उजवीकडे वळायचा, म्हणजे फेस थोडा डावीकडे आणि वाट त्याहून जास्त डावीकडे. मी इतके दिवस ग्रिप फिरवून फेस अजून बंद करत होतो, त्याने बॉल नुसता अजून डावीकडून निघायचा. बॉल पुढे घेतल्यावर खांदे नकळत डावीकडे उघडतात, तेही बघा. छातीवर काठी धरून खांदे तपासले की लगेच कळतं.

आता स्लाइस गेला म्हणणार नाही, उजव्या जाळीपर्यंत जात नाही एवढं. अंतर थोडं वाढलंय, न मागता. आपली गोल्फर अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकला चौथी आली ती तिथल्या बऱ्याच जणींपेक्षा कमी लांब मारून, हे मी स्वतःला मुद्दाम आठवून देतो कारण बॉल लांब जायला लागला की हात परत शिवशिवतात.

१२ ऑक्टोबर

कोर्सवर, म्हणजे खऱ्या मैदानावर. रेंजवरचं निम्मं गेटवरच राहिलं. सपाट मॅटवरून आल्यावर आपल्याकडचे टेकडीतले कोर्स म्हणजे प्रत्येक शॉटला पाय वेगळ्या उंचीवर.

सर्वात वाईट झालं ते बॉल पायांपेक्षा खालच्या पातळीवर असताना. तिथे खुब्यातून जास्त वाकायचं, गुडघे थोडे जास्त आणि शेवटपर्यंत तितकंच खाली राहायचं. माझं अंग उठलं, बॉल टॉप, वीस यार्ड. परत तोच, परत उठलो. कॅडी (खेळाडूची बॅग सांभाळणारे) हळूच म्हणाले, “साहेब, बॉल गेल्यावर उठा ना, आधी कशाला?” बॉल पायांच्या वर असेल तेव्हा उलट, ताठ उभं राहून ग्रिप खाली धरायची, आणि तो डावीकडे जातो हे धरून थोडं उजवीकडे बघायचं. उताराला खांदे उताराशी समांतर ठेवायचे, क्लब उताराच्या मागे मागे न्यायचा. तो शॉट मला आवडायला लागलाय, कारण उतार आपल्याला डाव्या पायावर ढकलतोच.

कोर्सवर एकच विचार डोक्यात ठेवला, डावं बूड मागे. दुसरा विचार आला की थांबून परत उभं राहायचं. मागच्या चौघांना आमच्यामुळे थांबावं लागलं, त्याला इलाज नव्हता. स्कोअर लिहीत नाही, फारसा बदलला नाही, पण राउंडमध्ये शँक एकही नाही.

२ नोव्हेंबर

खर्चात सगळ्यात मोठा आकडा रेंजच्या बॉलचा, सर आणि फिजिओ मिळून त्याच्या निम्मेही नाहीत. परत केलं तर पहिला महिना निम्म्या बादल्यांवर भागवीन. काठ्या, मार्कर, रांगोळी मिळून पाचशेच्या आत. ट्यूबलाइट वेगळी.

आयर्नचे ठिपके आता मधोमध, थकल्यावर हीलकडे जातात. उकिडवं बसलं की टाचा टेकतात, डावी अजून जरा हवेत. चाळीस यार्डांच्या छोट्या पिचला (जवळून उंच उचललेल्या शॉटला) मात्र हील परत यायला लागलीये. व्हिडिओ बघितला, तिथे मी बॉलच्या जवळ उभा राहतो, पाय जुळवतो आणि तोल चवड्यांवर. अंग न वळवता नुसत्या हातांनी खेळतोय. पुढच्या रविवारी माळीकाकांची पट्टी मोकळी आहे, वेज (अशा छोट्या शॉटचा क्लब) आणि रांगोळी घेऊन जातोय.